डॉक्टर नसलेला वैद्य : लुई पाश्चर

लुई पाश्चर हे नाव आपण सर्वांनी शाळेत ऐकलेले असते. पिसाळलेला कुत्रा चावलेल्या एका मुलाला त्याने वाचविले आणि दूध तापवून टिकविण्याची रीत त्याच्या नावाने ओळखली जाते, एवढ्या दोन गोष्टी परीक्षेपुरत्या पाठ करून आपण त्याला निरोप देतो. मीही दिला होता. मी कला शाखेची विद्यार्थिनी; शास्त्रज्ञांशी माझा संबंध दहावीतच संपला असे मी धरून चालले होते. तो पुन्हा जोडला गेला तो आमच्या बैलामुळे.

आमच्या घरी दोन बैल होते. मी आठवीत असताना मृगाच्या सुमारास त्यांतला एक घटसर्पाने गेला. संध्याकाळी त्याने वैरणीला तोंड लावले नाही. रात्री गळा सुजला, घरघर सुरू झाली आणि उजाडायच्या आत तो गोठ्यात आडवा झाला. आठवड्यापूर्वीच गावात लस टोचणारे येऊन गेले होते. पण लस टोचली की मानेला गाठ येते, दोनतीन दिवस जनावर जू घेत नाही, आणि पेरणी तर तोंडावर आलेली, म्हणून आबांनी बैल दावणीलाच ठेवले होते. त्यात दुसऱ्या कुणाचा दोष नव्हता. त्या वर्षी उरलेल्या एका बैलाला शेजारच्यांचा बैल जोडून आम्ही कशीबशी पेरणी केली.

गेल्या वर्षी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पशुरोगांवरचे एक पुस्तक सहज चाळत असताना घटसर्पाचे पान उघडले. तो रोग करणाऱ्या जंतूचे नाव तेथे होते पाश्चुरेला. मी चमकले. ज्या माणसाने लशी शोधल्या त्याचे नाव आमचा बैल मारणाऱ्या जंतूला कसे? या एका प्रश्नापायी मी त्या माणसाचे चरित्र वाचायला घेतले. वाचता वाचता ध्यानात आले, की ज्याला आपण माणसांचा त्राता म्हणून ओळखतो, त्याच्या आयुष्यातली पुष्कळशी वर्षे किड्यांत, कोंबड्यांत, मेंढरांत आणि डुकरांत गेली. तीच कथा माझ्या कुवतीप्रमाणे येथे सांगत आहे.

पाश्चरचा जन्म फ्रान्सच्या पूर्वेकडील ज्युरा प्रांतात दोल या गावी २७ डिसेंबर १८२२ रोजी झाला. वडील एकेकाळी नेपोलियनच्या सैन्यात होते. पुढे त्यांनी कातडी कमावण्याचा धंदा धरला. लुई लहान असतानाच हे कुटुंब आर्ब्वा या गावी येऊन राहिले. शाळेत तो असामान्य हुशार वगैरे मुळीच नव्हता. त्याचा हात चालायचा तो चित्रकलेत. आईवडिलांची आणि शेजाऱ्यांची त्याने रंगीत खडूंनी काढलेली चित्रे आजही जपून ठेवलेली आहेत. शाळेच्या मुख्याध्यापकांनी मात्र या मुलातले काही वेगळे हेरले आणि त्याला पॅरिसला पाठवावे असे वडिलांच्या मनात भरविले.

१८३८ साली तो पॅरिसला गेला आणि थोड्याच आठवड्यांत घराच्या ओढीने इतका झुरला, की वडिलांना जाऊन त्याला परत आणावे लागले. कातडी भिजत घातलेल्या हौदांचा तो उग्र वास त्याला आठवे म्हणतात. ज्यांच्या घरातून प्रथमच कुणी वसतिगृहात राहायला गेले आहे त्यांना यात हसण्यासारखे काही वाटणार नाही. पुढे बेझांसाँ येथे राहून त्याने परीक्षा दिल्या. गंमत अशी, की ज्या रसायनशास्त्रात त्याने जग हलविले त्याच विषयात त्या वेळी त्याला बेताचाच शेरा मिळाला होता. १८४२ मध्ये पॅरिसच्या एकोल नॉर्माल या नामांकित संस्थेची प्रवेशपरीक्षा तो उत्तीर्ण झाला, पण क्रमांक खालचा लागला म्हणून त्याने प्रवेशच घेतला नाही! वर्षभर पुन्हा अभ्यास करून, वरचा क्रमांक मिळवून, १८४३ मध्ये तो तेथे दाखल झाला. हा हट्ट, आणि त्यामागचा तो अभिमान, त्याला जन्मभर पुरला. त्याचे भलेही त्यानेच केले आणि थोडे नुकसानही, हे पुढे दिसेल.

त्याचा पहिला शोध जनावरांशी संबंधित नव्हता. द्राक्षाच्या दारूच्या पिंपात साचणाऱ्या एका आम्लाच्या क्षारांचे स्फटिक तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. १८४८ साली त्याला दिसले, की हे स्फटिक दोन तऱ्हांचे आहेत आणि आपला उजवा हात डाव्या हाताचे आरशातले प्रतिबिंब असावा तसे ते एकमेकांचे प्रतिबिंब आहेत. चिमट्याने एकेक स्फटिक वेचून त्याने दोन ढीग केले आणि प्रकाशावर त्यांचा परिणाम परस्परविरुद्ध होतो हे दाखवून दिले. तेव्हा तो अवघा पंचवीस वर्षांचा होता. पुढल्या वर्षी स्ट्रासबुर्ग येथे त्याचे मारी लोराँ हिच्याशी लग्न झाले. मारी त्याची नुसती गृहिणी राहिली नाही. त्याची टिपणे उतरून घेणे, त्याने तोंडी सांगितलेले लिहिणे आणि पुढे रेशमाचे किडे पाळणे ही सर्व कामे तिने केली.

१८५४ साली पाश्चर लील या औद्योगिक शहरात प्राध्यापक आणि विज्ञान शाखेचा प्रमुख म्हणून गेला. त्या भागात बीटच्या कंदापासून मद्यार्क काढण्याचे कारखाने होते. आपल्याकडे उसाच्या मळीपासून काढतात तसेच ते. १८५६ मध्ये एका कारखानदाराची पिंपे नासू लागली, मद्यार्काऐवजी आंबट रस होऊ लागला. त्याचा मुलगा पाश्चरचा विद्यार्थी होता. त्याने सरांना गाऱ्हाणे सांगितले. पाश्चर सूक्ष्मदर्शक घेऊन कारखान्यात जाऊ लागला. चांगल्या पिंपातल्या थेंबात त्याला किण्वाचे गोल कण दिसले, तर नासलेल्या पिंपात काडीसारखे बारीक जंतू. आंबणे हे केवळ रासायनिक कुजणे आहे असे तेव्हाचे थोर रसायनशास्त्रज्ञ म्हणत. पाश्चरने दाखविले, की ते जिवंत सूक्ष्म जिवांचे काम आहे आणि प्रत्येक आंबण्याचा जीव निराळा आहे. दूध का विरजते, दारू का आंबट होते, यांची उत्तरे एकाच जागी सापडली. हे जीव आपोआप उत्पन्न होत नाहीत, हवेतील धुळीबरोबर येतात, हे त्याने हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या काचपात्रांनी सिद्ध केले. द्राक्षाची दारू पन्नास ते साठ अंशांपर्यंत तापविली तर ती नासत नाही, ही रीत त्याने १८६५ मध्ये नोंदविली. तीच पुढे दुधाला लागू झाली.

त्याच वर्षी त्याच्यापुढे एक निराळेच काम आले. दक्षिण फ्रान्समध्ये रेशमाचे किडे रोगाने मरत होते आणि तुतीवर पोट असलेले हजारो शेतकरी देशोधडीला लागले होते. ड्युमा या त्याच्या गुरूने त्याला तिकडे जाण्याची गळ घातली. पाश्चरने तोवर रेशमाचा किडा हातातसुद्धा घेतलेला नव्हता. तरी जून १८६५ मध्ये तो आलेस येथे गेला. प्रारंभी तो चुकला. किड्यांच्या अंगावरील आणि अंगातील कण हे रोगाचे कारण नसून परिणाम आहेत असे त्याने धरले होते. मग त्याला उमगले, की रोग एक नसून दोन आहेत आणि ते कणच त्यांतल्या एकाचे मूळ आहेत. त्याने सांगितलेला उपाय साधा होता. प्रत्येक मादी पतंगाला वेगळे ठेवून अंडी घालू द्यावीत, मग तिला चुरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. कण दिसले तर तिची अंडी जाळून टाकावीत, नसले तर ठेवावीत. आज महाराष्ट्रात रेशीमशेती करणारे जे निरोगी अंडीपुंज विकत आणतात ते याच रीतीने पारखलेले असतात.

ही पाच वर्षे त्याला सोपी गेली नाहीत. थोरली मुलगी १८५९ सालीच विषमज्वराने गेली होती. १८६५ मध्ये वडील वारले आणि त्याच वर्षी दोन वर्षांची धाकटी मुलगी गेली. पुढच्या वर्षी बारा वर्षांची तिसरी मुलगी विषमज्वरानेच गेली. ऑक्टोबर १८६८ मध्ये खुद्द पाश्चरला अर्धांगवायूचा झटका आला आणि डावे अंग कायमचे अधू झाले. तेव्हा तो शेहेचाळिशीही गाठलेला नव्हता. काही महिन्यांतच तो पुन्हा किड्यांच्या खोलीत हजर झाला. आपल्याला ज्याची माहिती आहे ते त्याचे बहुतेक मोठे काम यानंतरचे आहे, ही गोष्ट मला विशेष वाटते.

आता मेंढरांकडे वळू. फ्रान्समध्ये फाशीच्या रोगाने दरवर्षी मेंढ्या आणि गुरे मरत. काही कुरणे तर शापित समजली जात. तेथे कळप चारला की मरण ठरलेले. जर्मनीतील रॉबर्ट कॉख या तरुण डॉक्टरने १८७६ मध्ये या रोगाच्या जंतूचा जीवनक्रम उलगडला होता. त्याचे श्रेय त्यालाच दिले पाहिजे. पाश्चरने १८७७ पासून हे काम हाती घेतले आणि जंतू एका पात्रातून दुसऱ्यात असे पुष्कळदा वाढवून, रोग देतो तो जंतूच, दुसरे काही नाही, हे पक्के केले. शापित कुरणांचे कोडेही त्याने सोडविले. तेथे मेलेली जनावरे पुरलेली असत. जंतूंची बीजे मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहत आणि गांडुळे आपल्या विष्ठेबरोबर ती वर आणीत. गवताबरोबर ती मेंढीच्या पोटात जात. तेव्हा फाशीने मेलेले जनावर चराऊ रानात पुरू नये, असे त्याने शेतकऱ्यांना सांगितले. शाप नाहीसा झाला, त्या जागी गांडूळ आले! अंधश्रद्धेवर याहून चांगला निबंध मी तरी वाचलेला नाही.

पण रोगाचे कारण कळले म्हणून रोग थांबत नाही. वाट सापडली ती कोंबड्यांच्या पटकीत. या रोगाचा जंतू पाश्चरने प्रयोगशाळेत वाढविला होता. १८७९ च्या सुमारास असे दिसून आले, की पात्रात बरेच दिवस तसाच राहिलेला जंतू कोंबडीला टोचला तर ती आजारी पडते पण मरत नाही. आणि नंतर तिला ताजा, जहरी जंतू टोचला तरी काही होत नाही. सुट्टीत विसरलेल्या एका पात्राने हा शोध लावला असे गोष्टीत सांगतात. त्यांच्या वह्या तपासणाऱ्यांनी मात्र दाखविले आहे, की त्यामागे सहकारी एमिल रू याचे महिनोन्महिन्यांचे काम होते. इंग्लंडमध्ये जेन्नरने १७९६ मध्ये गाईच्या देवीची लस माणसाला टोचली होती, पण ती निसर्गात आयती मिळालेली होती. जहाल जंतू प्रयोगशाळेत सौम्य करून त्याची लस बनविता येते, ही गोष्ट १८८० मध्ये कोंबड्यांनी जगाला शिकविली. आणि येथेच मला माझे उत्तर मिळाले. कोंबड्यांच्या पटकीचा जंतू आणि गुरांच्या घटसर्पाचा जंतू एकाच जातीचे आहेत. त्या कुळाला १८८७ मध्ये पाश्चरच्या सन्मानार्थ पाश्चुरेला हे नाव दिले गेले. म्हणजे ज्या कुळातला जंतू प्रयोगशाळेत सर्वांत आधी माणसाळला गेला, त्यानेच आमचा बैल नेला.

यानंतरचा प्रसंग पाश्चरच्या आयुष्यातला सर्वांत नाट्यमय म्हटला पाहिजे. फाशीवर लस केल्याचे त्याने जाहीर करताच मेलं येथील शेतकी मंडळाने त्याला आव्हान दिले. रॉसिन्यॉल नावाच्या पशुवैद्याने पुयी-ल-फॉर येथील आपली शेतवाडी त्यासाठी दिली. ५ मे १८८१ रोजी, शेतकरी, पशुवैद्य आणि पत्रकार यांच्या देखत, २४ मेंढ्या, १ शेळी आणि ६ गुरे यांना लस टोचली. १७ मे रोजी दुसऱ्यांदा टोचली. तितक्याच मेंढ्या, एक शेळी आणि ४ गुरे लस न टोचता ठेवली. ३१ मे रोजी सर्वांना जहरी जंतू टोचले. २ जूनला दुपारी पाश्चर वाडीत शिरला तेव्हा लस न टोचलेल्यांपैकी २१ मेंढ्या आणि ती शेळी मरून पडली होती. आणखी दोन मेंढ्या लोकांच्या डोळ्यांदेखत गेल्या, उरलेली एक दिवस मावळेपर्यंत गेली. लस न टोचलेली गुरे मेली नाहीत, पण सुजून तापाने फणफणली. लस टोचलेल्या मेंढ्या त्या दिवशी सर्व उभ्या होत्या. त्यांतील एक गाभण मेंढी दुसऱ्या दिवशी मेली. तिच्या पोटातले पिल्लू आधीच मेले होते. १८९४ पर्यंत फ्रान्समध्ये तीस लाखांहून अधिक मेंढ्यांना ही लस टोचली गेली.

येथे माझा लेख संपला असता तर बरे झाले असते. परंतु पुढे वाचले आणि मन थोडे खट्टू झाले. पाश्चरने आपल्या प्रयोगाच्या वह्या कुणाला दाखवू नयेत असे घरच्यांना बजावून ठेवले होते. त्याच्या नातवाने त्या १९६४ मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिल्या. जेरल्ड गायसन या अमेरिकन इतिहासकाराने त्या अभ्यासून १९९५ मध्ये पुस्तक लिहिले. त्यातून कळले ते असे. पुयी-ल-फॉर येथे टोचलेली लस हवेच्या साहाय्याने सौम्य केलेली आहे अशी सर्वांची समजूत झाली होती, आणि पाश्चरने ती होऊ दिली. प्रत्यक्षात ती त्याचा सहकारी शांबरलां याने पोटॅशियम डायक्रोमेट या रसायनाने तयार केलेली होती. रसायनाने जंतू निकामी करण्याची वाट तुलूझचा पशुवैद्य तुसां याने आदल्याच वर्षी, १८८० मध्ये, दाखविली होती. पाश्चरने त्याच्या पद्धतीवर टीका केली आणि स्वतः तशाच तऱ्हेच्या लशीने जग जिंकले. तुसां १८९० मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, मागे पडून वारला.

यावर काय म्हणावे? मेंढ्या जगल्या हे खरेच आहे. त्यांत लबाडी नव्हती. पण श्रेयाच्या बाबतीत थोर माणूसही लहान होऊ शकतो. खालचा क्रमांक न सोसणारा तो मुलगा अठ्ठावन्नाव्या वर्षीही त्याच्यात जिवंत होता असे मला वाटते. थोरांच्या चरित्रातून असे भाग गाळण्याची आपल्याकडे चाल आहे. मला ते योग्य वाटत नाही. तुसांचे नाव घेतल्याने पाश्चर छोटा होत नाही, आणि न घेतल्याने आपण मात्र खोटे ठरतो.

पुढची हकीकत थोडक्यात सांगते. डुकरांच्या एका जीवघेण्या रोगावर १८८३ पर्यंत लस तयार झाली. ते काम मुख्यतः लुई त्युईये या तरुण सहकाऱ्याचे. त्याच वर्षी इजिप्तमध्ये पटकीचा अभ्यास करायला गेलेला हा त्युईये पटकीनेच वारला. तो फक्त सत्तावीस वर्षांचा होता. मग पिसाळ रोग. सशाच्या पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू वाळवून केलेली लस पाश्चरने आधी कुत्र्यांना टोचून पाहिली होती. ६ जुलै १८८५ रोजी आल्सासहून एक आई आपल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टर या मुलाला घेऊन त्याच्या दारात आली. पाश्चर डॉक्टर नव्हता, त्याला सुई टोचण्याचा अधिकार नव्हता. ते काम डॉ. ग्रांशे यांनी केले. तेरा वेळा टोचले आणि मुलगा जगला. देशोदेशीच्या वर्गणीतून १४ नोव्हेंबर १८८८ रोजी पॅरिसमध्ये पाश्चर संस्था उघडली. २८ सप्टेंबर १८९५ रोजी पॅरिसजवळ, जेथे त्याच्या प्रयोगाची कुत्री ठेवलेली असत त्या जागी, पाश्चरचे देहावसान झाले.

त्याचे काम आपल्या दारापर्यंत आले. त्याच्या संस्थेत काम केलेला हाफकिन १८९३ मध्ये भारतात आला, मुंबईत प्लेग उद्भवल्यावर त्याने लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची. गुरांच्या रोगांसाठी सरकारी प्रयोगशाळा तर त्याआधीच, १८८९ मध्ये, पुण्यात निघाली होती. ती पुढे मुक्तेश्वरला हलविण्यात आली. आपल्या आजोबापणजोबांच्या काळी गोठेच्या गोठे रिकामे करणारी बुळकांडी २०११ मध्ये जगातून गेल्याचे जाहीर झाले. तेही लशीमुळेच.

मी पुन्हा आबांकडे येते. आबांना लस नको होती असे नाही. त्यांना पेरणी हवी होती. लशीने होणारा तोटा त्यांना दिसत होता, वाचणारा बैल दिसत नव्हता. पुयी-ल-फॉरच्या शेतकऱ्यांनाही पाश्चरच्या व्याख्यानाने पटले नव्हते. एका बाजूला उभी मेंढरे आणि दुसऱ्या बाजूला मेलेली मेंढरे पाहिली तेव्हा पटले. आम्हांला ते आमच्याच गोठ्यात पाहावे लागले. २०२२ साली आमच्या भागात लम्पी आला, गाईगुरांना शेळ्यांच्या देवीची लस टोचू लागले. तेव्हा कुणी सांगण्याआधी आबा उरलेला बैल आणि गाय घेऊन भल्या पहाटे रांगेत जाऊन उभे राहिले होते.

पाश्चरने जे चारचौघांत केले ते टिकले; जे वहीत झाकून ठेवले ते शंभर वर्षांनी त्याच्यावरच उलटले. आपल्यापैकी जे पुढे शिक्षक होतील, ग्रामसेवक होतील, गावात परत जाऊन कुणाला काही पटवून देतील, त्यांनी हे लक्षात ठेवावे असे मला वाटते. गावाला नुसता हुकूम सोडून भागत नाही. सर्वांच्या देखत करून दाखवावे लागते, आणि काही चुकले तर तेही सांगावे लागते.

(द्वितीय वर्ष, कला)